मामूंच्या मंडळानं लावलेल्या जोड्या

सावधान! वाचकहो, हातातला चहा खाली ठेवा, घरातल्यांना गप्प करा आणि पुढची बाब जमल्यास उभं राहून वाचा. बाब अत्यंत गंभीर आहे. वडवणीत, ऐन दुष्काळात, कुठलीही निवडणूक नसताना आणि जेवणाचं आमिष न दाखवता, एका माणसानं एकमेकांचं तोंड न पाहणारे फोटोग्राफर एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसवले. इतिहासात याची नोंद नाही. ती करायला मी आपल्यासमोर उभा आहे.

उभा आहे असं म्हणतो ते सवयीनं. लग्नात माईक धरून “वऱ्हाडी मंडळींनी कृपया पुढं सरकावं” म्हणणारा तो मी. लग्नातला माईकवाला आणि फोटोवाला यांना लग्न सगळ्यांत जवळून दिसतं आणि जेवण सगळ्यांत शेवटी मिळतं. त्या शेवटच्या पंगतीत वर्षानुवर्षं माझ्या शेजारी एकच माणूस बसायचा. अख्खी वडवणी त्यांना मामू म्हणायची. खरं नाव स्टुडिओच्या पाटीवर होतं, पण त्या पाटीची गरज कुणाला पडली नाही.

फोटो काढण्याआधी मामू समोरच्याची हनुवटी दोन बोटांनी अलगद उचलायचे आणि म्हणायचे, “हनवटी इकडं, टेन्शन तिकडं.” ‘तिकडं’ म्हणताना त्यांचा डावा हात खिडकीबाहेर जायचा. खिडकीबाहेर टँकर उभा असायचा आणि त्याच्यापुढं घागरींची रांग, त्यामुळं टेन्शन खरोखर तिकडंच असायचं. बायकांची हनुवटी ते हात न लावता, लांबून, हवेतच उचलायचे. तरी ती वर यायची. मी कितीदा पाहिलंय.

त्या साली आधी विहिरी आटल्या, मग लग्नं आटली. पंचांगात तिथी भरपूर, मांडव एकही नाही. माझा माईक खुंटीला आणि मामूंचा कॅमेरा पेटीत. आम्ही दोघंही दुपारभर स्टुडिओत बसून टँकरच्या रांगेतली भांडणं ऐकायचो. एक दिवस मामू एकदम ताठ बसले.

“क्या बे, तुला म्हाईत हाय का? पूर्वी फोटो धुवायला बादल्या बादल्या पाणी लागायचं. आता एडिटिंगला थेंब लागत न्हाई. आपल्या जिल्ह्यात बिनपाण्याचं असं दुसरं पीक दाखव.”

“मग पेरा की.”

“पेरायचंच हाय. पर एकट्याच्या वावरात न्हाई. सगळ्या फोटोवाल्यांना बोलवायचं. शिबिर घ्यायचं. दर महिन्याला. मंडळ काढायचं.”

मी इतका हसलो की रांगेतल्या बायका खिडकीतून आत बघायला लागल्या. कारण आमचे फोटोवाले मला ठाऊक होते. घाटनांदूरचा आणि लिंबागणेशचा यांचंच घ्या. एका लग्नाला एकाला नवरीच्या मामानं बोलावलं होतं, दुसऱ्याला नवरदेवाच्या काकानं. दोघांनी एकमेकांच्या पुढं पुढं उभं राहायची अशी शर्यत लावली की त्या अल्बममध्ये नवरा-नवरी कमी आणि या दोघांच्या पाठी जास्त निघाल्या. तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद होतं.

“हे येतील?” मी विचारलं.

“येतील. इस्त्री करून येतील,” मामू म्हणाले.

जागा मिळाली दूध सोसायटीच्या हॉलची. जनावरं चारा-छावणीत गेल्यामुळं दूध घटलं होतं आणि हॉलमध्ये रिकाम्या कॅनांखेरीज कुणी नव्हतं. चेअरमन म्हणाले, “हॉल घ्या, पण माझा एक चांगला फोटो काढून द्या.”

मामूंनी विचारलं, “चांगला का खरा?”

“चांगला.”

“मग जनरेटर पण द्या.”

शिबिराच्या दिवशी आंबूस वासाच्या त्या हॉलमध्ये सगळे खरोखर इस्त्री करून आले. घाटनांदूरकर आले, लिंबागणेशकर आले, आणखी चार-पाच गावांचे आले. वडवणीतल्या पार्लरवाल्या ताई आल्या, कारण नवरीचा मेकअप आणि नवरीचा फोटो ही दोन्ही कामं त्या करायच्या. आल्या आल्या प्रत्येक जण फळ्याजवळच्या एकुलत्या एका खुर्चीकडं निघाला. तिथं गर्दी झाली.

“मला शिकवायला बोलावलंय,” घाटनांदूरकर हवेकडं बघून म्हणाले.

“मला पण शिकवायलाच बोलावलंय,” लिंबागणेशकर भिंतीला म्हणाले.

ताई म्हणाल्या, “मग मला कामून साडी बदलायला लावली मामूंनी? म्हणले, तुमीच मास्तरीण!”

मामूंनी प्रत्येकाच्या घरी जाऊन, आवाज खाली घेऊन, हेच सांगितलं होतं: बाकीचे लई कच्चे हायत, तू शिकवायला ये. आता ते सतरंजीच्या मधोमध शाळकरी पोरासारखी मांडी घालून बसले. “लई चांगलं झालं. सगळे मास्तर आलेत. विद्यार्थी मी एकटाच. शिकवा.”

परत जायचं कसं? गेलं तर आपल्याला काही येत नाही असं ठरणार! मग एकेक जण मामूंना शिकवू लागला आणि बाकीचे, आपण बघत नाही असं दाखवत, माना लांब करून बघू लागले. वर्षानुवर्षं जपलेल्या युक्त्या त्या सतरंजीवर सांडल्या. घाटनांदूरकरांनी नवरी गोरी कशी करतात ते दाखवलं. ताई म्हणाल्या, “भाऊ, एवढं पांढरं तर मी पण करत न्हाई. सोललेलं अंडं केलं की तिचं!” सगळे हसले. लिंबागणेशकर तर घाटनांदूरकरांकडं बघून हसले. इतक्या वर्षांत दोघांची नजरानजर झाली ती अशी.

लिंबागणेशकरांची युक्ती पुसण्याची होती. फोटोतल्या विजेच्या तारा, मांडवात झोपलेले पाहुणे, कोपऱ्यात उभा टँकर, सगळं ते असं गायब करायचे की मागं डाग राहायचा नाही. मामू इतके खूश झाले की त्यांनी तिथंच मंडळाचं ब्रीद ठरवलं: “नको ते आधी पुसा.” पुढच्या प्रत्येक शिबिराची सुरुवात या ब्रीदानं व्हायची आणि मी ते माईकवरून तीनदा म्हणायचो. कुणाला कुणाशेजारी बसवायचं, कुणाचा चहा कुणाच्या हातून द्यायचा, हे मामू आदल्या दिवशी ठरवायचे, एखाद्या लग्नातले मानपान ठरवावेत तसे. हळूहळू उसनी दिलेली बॅटरी परत यायला लागली. आमच्याकडं याला चमत्कार म्हणतात.

मामू गेल्या वर्षी गेले. आजारपण थोडंच होतं, पण पुरलं. मंडळानं शोकसभा ठेवली आणि बॅनरसाठी सगळे एका कॉम्प्युटरभोवती जमले. एका फोटोसाठी अख्खी दुपार गेली. एक म्हणे उजेड वाढवा, दुसरा म्हणे सुरकुत्या राहू द्या. फोटोत मामूंची हनुवटी जरा खाली होती. त्यांची उचलणारं कोण होतं? तेवढ्यात सवयीनं कुणीतरी त्यांच्या मानेवरचा तीळ पुसला. ताई एकदम ओरडल्या, “आण परत तो! नको ते पुसा म्हणायचे मामू. ह्यात नको ते काय हाय?” तीळ परत आला. बॅनर तसाच छापायला गेला.

सभेत भाषणं झाली. सगळी रडकी. मामूंना ती आवडली नसती. शेवटी घाटनांदूरकर, तेही लिंबागणेशकरांच्या खांद्यावर हात ठेवून, मला म्हणाले, “माईक घ्या हो. सामुदायिक लग्नाचं सांगा.” तिथं सांगितलं, तेच आता तुम्हाला सांगतो.

दुष्काळात एकेकट्यानं लग्न करणं जड, म्हणून चेअरमननी सोसायटीतर्फे सामुदायिक विवाह ठरवला. सगळ्या नवऱ्यांना एकसारखे फेटे, सगळ्या नवऱ्या मुलींना एकसारख्या हिरव्या साड्या, आणि प्रत्येक जोडप्याला एक अल्बम. फोटोचं काम मंडळाला मिळालं. मामू त्या रात्री जेवले नाहीत असं त्यांच्या घरून कळलं. मला म्हणाले, “शिबिरात बसणं सोपं हाय. एका कामाला सगळे हात लागले तर मंडळ खरं. हे नीट उतरलं तर टिकंल. न्हाई उतरलं तर पुन्हा आपले एकमेकांच्या पाठीचे फोटो.”

त्यांनी बेत बारकाईनं आखला. मुहूर्त एकच, गर्दी अफाट. जोडीचे निवांत फोटो निघणं शक्य नाही. म्हणून नवऱ्या मुलींचे फोटो बायकांच्या मांडवात ताई काढतील, नवरदेवांचे दुसऱ्या मांडवात बाकीचे. घोटाळा नको म्हणून प्रत्येकाच्या छातीवर आणि प्रत्येकीच्या पदरावर जोडीच्या नंबरची चिठ्ठी टाचायची. नंतर कॉम्प्युटरवर नंबर बघून जोडी लावायची आणि मागं धबधबा टाकायचा. धबधबा सगळ्यांनी मागितला होता. त्या साली स्वर्ग जरी विचारला असता, तरी लोकांनी धबधबाच सांगितला असता.

लग्न झकास झालं. काम सगळ्यांनी वाटून घेतलं आणि अल्बम तयार झाले. सोसायटीच्या अंगणात वाटपाचा कार्यक्रम ठरला. जोडपी आली, सासवा आल्या, चेअरमन हार घालून बसले. मी माईकवरून घोषणा केली आणि अल्बम उघडले गेले.

पहिल्यांदा एका सासूचा आवाज आला. “अगं बया, आमचा गणप्या कुटाय?”

मग दुसरीकडून, “हा कोण हो आमच्या सुनंच्या खांद्यावर हात ठिवून?”

मग सगळीकडूनच. प्रत्येक अल्बममध्ये धबधबा बरोबर होता, आशीर्वाद देणारे चेअरमन बरोबर होते, फक्त जोड्या भलत्याच होत्या.

मामूंनी दोन-तीन अल्बम भराभर चाळले. “नंबर कुटं गेले?” त्यांनी घाटनांदूरकरांना विचारलं.

“कोणते नंबर? त्या छातीवरच्या चिठ्ठ्या? लई घाण दिसत होत्या. पुसल्या.”

लिंबागणेशकर म्हणाले, “म्या पण पुसल्या. मला वाटलं, ह्यांनी ठिवल्या असतील.”

“पदरावरच्या मी पुसल्या,” ताई बारीक आवाजात म्हणाल्या. “नको ते आधी पुसा, असं तुमीच म्हणलात ना मामू?”

चिठ्ठ्यांसकटचे मूळ फोटोही जागा करायला पुसून झाले होते आणि फोटो ज्या क्रमानं हाती आले, त्या क्रमानं जोड्या लागल्या होत्या. मंडळाच्या इतिहासात इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. पण त्या वेळी ते कुणाला दिसलं नाही. “कटिंग तुझं होतं,” “जोडणी तुझी होती,” “तुझ्या गावाचं पाणीच तसलं,” असं सुरू झालं. घाटनांदूरकर मोटारसायकलकडं निघाले, लिंबागणेशकर दुसऱ्या दिशेनं. चेअरमन उठून उभे राहिले आणि मामूंपुढं हात पसरून म्हणाले, “हॉलची किल्ली.”

पुढचं आधी सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. त्यानंतर मंडळाचे लोक कितीतरी दिवस लॅपटॉप घेऊन जोडीजोडीनं गावोगाव हिंडले. घाटनांदूरकरांच्या मागच्या सीटवर लिंबागणेशकर. दारात उभं राहून विचारायचे, “ताई, ह्यातला तुमचा कोणता?” चहा पिऊन, जोडी जुळवून पुढच्या गावाला. असं हिंडता हिंडताच ते एकमेकांचे झाले. पण त्या दिवशी, त्या अंगणात, मंडळ मोडलेलं होतं. मामूंनी खिशातून किल्ली काढलीही होती.

मी त्यांना माईक द्यायला गेलो. त्यांनी घेतला नाही. ते सावकाश चालत पहिल्या रांगेत गेले. तिथं एक नवी नवरी बसली होती, लग्नाच्या दिवसापासून जिचा आवाज सासरच्यांनीही धड ऐकला नव्हता अशी. एका बाजूला नवरा, काडीसारखा, शर्टाच्या कॉलरमधून बाहेर डोकावणारा. दुसऱ्या बाजूला सासू. मांडीवर उघडा अल्बम. त्यात धबधब्यापुढं तिच्या शेजारी एक भरदार मिशांचा गडी. तो गडी मागच्या रांगेत स्वतःच्या बायकोशेजारी बसून चिवडा खात होता.

मामूंनी दोन्ही हात पुढं केले. “दे बेटी. चूक कुणा एकाची न्हाई, आमच्या सगळ्या मंडळाची हाय. बदलून देतो.”

तिनं अल्बम सोडला नाही. एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा फोटोकडं. मी मामूंच्या पाठीशीच उभा होतो आणि हातातला माईक बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. म्हणून तिचं बोलणं कर्ण्यातून अख्ख्या अंगणात गेलं आणि तिथून रस्त्यावर. घाटनांदूरकरांचा पाय किकवरच राहिला. लिंबागणेशकर गेले होते तिथून पोट धरून परत आले. चेअरमनचा पसरलेला हात स्वतःच्या मांडीवर आपटला आणि किल्ली मामूंकडंच राहिली. सासू हसली, चिवडा खाणाऱ्याला ठसका लागला, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो तिचा काडीसारखा नवरा. अल्बम छातीशी घट्ट धरून ती पोरगी म्हणाली होती,

“ऱ्हाऊ द्या की मामू, ह्योच बरा हाय!”