दहाचा गठ्ठा

"एक गॉज कमी आहे," सिस्टर म्हणाली.

अंबूबाईंची छाती उघडी होती. प्रेशर उतरत होतं आणि रक्ताची शेवटची बाटली लागली होती.

"पुन्हा मोजा," सर्जन म्हणाले.

एकोणपन्नास. हव्या होत्या पन्नास. गॉजच्या या घड्यांनी रक्त टिपतात. एक जरी आत राहिली तरी माणूस पुढे सडून मरतं. म्हणून हिशेब जुळेपर्यंत टाके घालत नाहीत. सर्जन छातीत शोधत राहिले.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मद्रासच्या त्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची आया होते. गॉजचे दहा-दहाचे गठ्ठे मीच बांधायची. सिस्टर ते उघडून मोजत नसे. विश्वास.

अंबूबाई वर्षभर टीबी म्हणून पडून होत्या. रक्त खोकायच्या. घरचे त्यांच्या मुलीला फाटकाच्या आत आणत नसत. मग घशातून नळी घालून पाहिलं तर श्वासनलिकेत वाटाण्याएवढी गाठ. अशी क्वचितच होते. तिच्यामागचं फुप्फुस सडलेलं, तेही काढायचं होतं.

त्या तंजावरच्या, मीही तंजावरची. नवरा गेल्यापासून माझ्याशी आमच्या मराठीत कुणी बोललं नव्हतं. आदल्या दुपारी मी घड्या घालत होते, त्या शेजारी बसल्या होत्या.

"अक्का, उद्या ताली काढणार नाही मी." ताली म्हणजे मंगळसूत्र.

"गळ्यात धातू चालत नाही."

"मग मीही चालत नाही. कापायला दुसरी बाई बघा म्हणावं."

मी हातातल्या गठ्ठ्यातली एक घडी कमरेला खोचली. सकाळी तिच्यात ताली गुंडाळून त्यांच्या वेणीत बांधली, वर टोपी घातली. गठ्ठा मात्र बोलण्याच्या नादात नऊचाच बांधला होता.

आता बोलले तर नोकरी जाणार होती. न बोलले तर त्या.

"टोपीत आहे," मी म्हणाले.

"काय?"

"गॉज. तालीला गुंडाळलंय."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी टोपीत हात घालून चाचपलं. "आहे."

"टाके," सर्जन म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आयम्मा, बाहेर."

नोकरी राहिली, पण सहा महिने धोबीखात्यात काढले. तेव्हापासून गठ्ठे दोघींनी मोजायचे असं ठरलं. बोलताना मोजू नये, एवढंच मी शिकले.

महिन्याने अंबूबाई मुलीचा हात धरून गेल्या. "येते अक्का," म्हणाल्या. आल्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तमिळमध्ये. एखादी मराठी ओळ असेल म्हणून मी मागून-पुढून पाहिली. नव्हती.

निमंत्रण आईच्या नावाने होतं. अंबूबाई जगल्या.