अक्कांचं उपाशी पावणं

अक्का आमच्या रानात दोन वर्सं येत हुत्या, पण मी त्यांना बसलेलं एकदाच बघितलं. त्यांना बसवणारा माणूस मीच. मोठेपणानं सांगत न्हाय, ऐका.

खुर्ची दिली की अक्का तिच्यावर पिशवी ठेवायच्या आणि आपण उभ्या. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं. माझी बायको शालन मला म्हणली, "अवं, बाईंना मूळव्याध हाय का काय, इचारा की." मी खुळ्यागत सरळ जाऊन इचारलं. अक्का घोट गिळून म्हणाल्या, "मूळव्याध न्हाय रे बाबा. घाई हाय."

अक्का निपाणीकडच्या. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणत्यात, तेच नाव त्यांना चिकटलेलं. कॉलेजात जंतूंचा विषय शिकवून रिटायर झालेल्या, पण पाय काय रिटायर झालं नव्हतं. मोपेडवरनं गावोगाव फिरून घाणेरडी माती गोळा करायच्या. आमच्या बांधावर पयल्यांदा आल्या त्या हेच इचारत, "पावणं, हितली सगळ्यात घाण जागा कुठली?"

मी म्हणलं, "आत या की, घर दावतो."

त्या हसल्या न्हायत. बांधाकडंची काळी वाळू चिमटीत धरून नाकाला लावली, आणि मग मात्र सोनं घावल्यागत हसल्या.

ती वाळू माझीच करामत. उचगावच्या कडंला माझं वीस गुंठं रान, विहिरीशेजारी एक खड्डा. मी तवा फौंड्रीत डंपरवर हुतो. साच्याची वाळू चिकटून ऱ्हावी म्हणून तिच्यात एक औषध घालत्यात, आणि ओतकाम झालं की ती जळकी वाळू कुठंतरी नेऊन टाकायची. मी साहेबाला म्हणलं, "लांब कशाला? माझ्या खड्ड्यात टाका की." फुकटात भराव! साहेबानं खुशीनं मला चहा पाजला, आणि मी घरी येऊन सांगितलं, "आज साहेबाला गंडवलं."

दोन पावसाळं गेलं आणि विहिरीच्या पाण्याला दवाखान्याचा वास यायला लागला. म्हशीनं बादलीत तोंड घातलं, मागं घेतलं, माझ्याकडं बघितलं. तिला कळलं, मला न्हाय. मी म्हणलं, "उन्हाळ्यानं आसंल." मी चौथी नापास, म्हस निदान तशी तरी नव्हती. तवापासनं शालन दोन शेतं वलांडून पाण्याच्या घागरी आणायची आणि प्रत्येक घागर माझ्याम्होरं जरा जोरातच ठेवायची.

अक्का म्हणाल्या, "फिनॉल हाय ह्ये, तुझ्या वाळूच्या औषधातलं. पण ह्याच घाणीत ह्ये खाणारं जंतू असत्यात बंडा. दुसरं काय मिळालं न्हाय म्हणून ह्येच खायला शिकल्यात." मूठभर वाळू घेऊन गेल्या, कॉलेजात त्यातलं जंतू बाटलीत वाढवलं आणि परत आणलं. मग खड्ड्यातली वाळू उपसून प्लॅस्टिकच्या कागदावर लांब सऱ्या घातल्या, त्यावर बाटली शिंपडली. विहिरीचं पाणीबी उपसून त्याच सऱ्यांवर सोडायचं. माझं काम आठवड्याला फावड्यानं सऱ्या परतायचं.

"वारा पायजे, वल पायजे आणि भूक पायजे," अक्का बजावायच्या. "चौथं काय घालायचं न्हाय."

त्यांना दम नसायचा. सकाळी फोन, दुपारी फोन. "वास किती?" धाच्या मापात सांगायचं. "आठ." "काल आठच हुता की! परतलंस का?" स्वतः आल्या की माझ्या हातातनं फावडं वडून घ्यायच्या, चार घाव घालायच्या आणि छातीला हात लावून थांबायच्या. जिभंखाली गोळी ठेवायच्या. मी म्हणलं, "अक्का, गॅस झाला आसंल, ओवा खावा." शालननं मला डोळ्यानंच गप केलं.

"एवढी कसली घाई?" मी इचारलं एकदा.

"जंतूंची अर्ध्या तासात पिल्लं होत्यात. आपल्याला तेवढी सवड न्हाय."

वास आठावरनं पाचावर आला. तवा अक्कांना लेकीनं तपासणीसाठी पुण्याला नेलं. जाताना म्हणाल्या, "भूक मोडू नकोस हां." मी मान हलवली. मान हलवायला माझं काय जातंय?

पण मनात भुंगा लागला. बाईंना घाई हाय. जंतू वाढलं तर काम लवकर हुईल. आणि जंतू झालं म्हणून काय, कोल्हापुरात पावणा दारात असून उपाशी? शोभतंय का? सासुरवाडीला गुऱ्हाळ चालू हुतं. काकवीचं दोन डबं आणलं आणि सगळ्या सऱ्यांवर वतलं. चार दिसांत नुसता फेस! सऱ्या गरम, मुंग्यांची रांग, आंबूस वास असा की शेजारी बांधावरनं इचारतोय, "भट्टी लावलीस का रं?" मी अक्कांना फोन लावला, "अक्का, पावणं खूश हायत!"

अक्का म्हणाल्या, "काय घातलंस?"

दुसऱ्या दिवशी अक्का हजर. माती नेली, तपासली, परत आल्या. "जंतू लई वाढल्यात. फिनॉल हाय तितकंच हाय. वास काकवीनं झाकलाय निस्ता." माझं तोंड बघून म्हणाल्या, "घरात जिलेबी असल्यावर कारलं कोण खाईल बंडा?"

शालन म्हणली, "आता कारलंच घालती ह्यास्नी. रोज."

अक्का एवढ्या हसल्या की धाप लागली. पालथ्या घमेल्यावर बसल्या. तेवढंच एकदा. बसल्यावर त्यांची पावलं दिसली, सुजून चपलंच्या पट्ट्यात रुतलेली. मी म्हणलं, "अक्का, किती दिस वाया गेलं?"

"सबंध हंगाम. पयल्यापासनं करायला पायजे." मग हात म्होरं केला, "उठव मला." मी उठवलं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला वाटलेलं, ह्यो एक हंगाम पुरंल."

मी जन्मभर सगळं हसण्यावारी नेलं. हे काय नेता आलं न्हाय.

नवी बाटली आली. अक्का तीन महिनं आल्या, मग निस्तं फोन, मग फोनबी बंद. दिवाळीच्या आधी गेल्या. शेवटच्या फोनवर इचारलं हुतं, "वास किती?" सहा हुता. मी "चार" म्हणालो. अक्का म्हणाल्या, "लबाडा. परत."

मी परतत ऱ्हायलो. वारा, वल, भूक. चौथं काय घातलं न्हाय. अक्कांच्या दोन विद्यार्थिनी येऊन विहिरीचं पाणी तपासायला नेत्यात. गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "जनावराला चालंल काका. माणसाला अजून न्हाय."

मी बादली भरून म्हशीम्होरं ठेवली. तिनं हुंगलं. तोंड मागं घेतलं. माझ्याकडं बघितलं, जुनं सगळं ध्यानात असल्यागत. मग तोंड घातलं ते बादलीचा तळ दिसंस्तवर.

शालननं घरातनं खुर्ची आणून ठेवली. "बसा की आता घडीभर."

मी खुर्चीवर टोपी ठेवली आणि फावडं उचललं.