माझी बोली तिचा रोग न्हाई

"घरात असल्या भाषेत बोलता, म्हणून पोरगी बोलत नाही."

मॅडम एवढ्या मोठ्यानं म्हणल्या की दाराबाहेर नंबर लावून बसलेले लोक आत बघाय लागले. परभणीतलं लहान लेकरांच्या तपासणीचं सेंटर. माझ्या मांडीवर माझी लेक वैष्णवी, तीन वर्षांची. हाक मारली तर बघायची न्हाई. सरकीचे दाणे एका रांगंत लावत बसायची, रांग मोडली की भुईवर डोकं आपटायची. म्हणून आमच्या गावाहून, झरीहून, सकाळच्या गाडीनं घेऊन आले होते.

मॅडमनी एक कार्ड धरलं. "बेटा, व्हॉट इज धिस?"

कार्डावर पाव भाजायची मशीन होती. ते मला नंतर कळलं. तवा, चूल, भाकर असं काही असतं तर मीच उत्तर दिलं असतं. मी हळूच म्हणलं, "बग की माय, काय हाय त्ये?"

तेवढंच. तेवढ्यावर मॅडमनी कार्ड टेबलावर टाकलं, आणि ते असल्या भाषेचं बोलल्या.

मग इंग्रजी कागद काढला. भराभरा विचारायच्या, भराभरा खुणा करायच्या. एका सवालाला मी म्हणलं, "कळलं न्हाई."

"कळणारच नाही," म्हणल्या, आणि खूण स्वतःच केली. माझ्या लेकराबद्दलचं उत्तर. मला न इचारता.

शेवटी म्हणल्या, "पोरीला ऑटिझम आहे. घरात शुद्ध मराठी बोला. जमलं तर इंग्रजी. ही गावंढळ भाषा एकदम बंद."

दारात कुणीतरी फिसकन हसलं. मी काय म्हणले असंल? "हो मॅडम." त्या हसण्यापरीस माझं ते 'हो मॅडम' मला जास्त झोंबतं. अजून.

आमी भाषा बंद केली. खरंच केली. मालकांनी घरात ताकीद दिली. आत्याला, म्हणजे माझ्या सासूला, शुद्ध येत न्हवतं, म्हणून आत्या नातीसमोर गप बसायला लागल्या. मी आठवी शिकलेली. पुस्तकातलं आठवून आठवून बोलायची. "बाळा, तुला पाणी हवे आहे का?" बोलताना मलाच परक्याच्या घरात उभी असल्यासारखं वाटायचं. मग बोलणंच कमी झालं. लाड कुठल्या भाषेत करायचे? रागवायचं कसं? माझ्याकडं तर एकच भाषा होती, आणि तिच्यावर बंदी.

दिवाळीपासून चैत्रापर्यंत घर मुकं झालं. वैष्णवी आधी आत्याचा पदर तरी धरायची. तेबी सोडलं.

चैत्रात एक दिवस आत्या तिला अंगणात न्हाऊ घालत होत्या. मी ओट्यावर तांदूळ निवडायली होते. आत्यानं तांब्या वर धरला आणि म्हणल्या, "आलं गं माय आलं... आलं... बदाक्!" पाणी ओतलं. परत तांब्या भरला. "आलं... आलं..." आणि थांबल्या.

वैष्णवीनं मान वर केली. आत्याच्या तोंडाकडं बघितलं. वाट बघायली होती ती. पुढच्या शब्दाची.

"बदाक्!"

पोरगी हसली. आत्याचा हात धरून तांब्याकडं ओढायली.

मी तांदळाचं सूप तसंच ठेवून उठले. आत्या घाबरल्या. "चुकलं माय, तोंडातून गेलं." माझी सासू. माझी माफी मागायली होती. स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल.

मी म्हणलं, "आत्या, आता गप बसू नका. कवाच नका."

पुढच्या तारखेला परत सेंटरला गेले. वाटलं होतं, वैष्णवी तिथंबी बघंल, हसंल, मॅडम गप होतील. तसं झालं न्हाई. वर पंखा घरघरायला होता, दारात माणसं. पोरीनं कानावर हात दाबले आणि भुईवर लोळून किंचाळली.

"पाहिलंत?" मॅडम म्हणल्या. "अजून तीच भाषा चालू आहे ना घरात?"

"हो. तीच."

"मग आमच्याकडे कशाला येता?"

मी वैष्णवीला उचलून मांडीवर घेतलं. "मॅडम, माझी बोली तिचा रोग न्हाई. तुमच्या सांगण्यावरून आमी पाच महिने लेकराशी बोललो न्हाईत. ते पाच महिने वापस कोण देणार? घरी काय करायचं ते मला कळंल असं सांगा. ते कळल्याबिगर मी उठणार न्हाई."

"बाहेर लाइन आहे."

"असू द्या. त्या लायनीतल्यांनाबी कळना झालंय."

मॅडमनी फाईल मिटली. मग कोपऱ्यात बसलेली त्यांच्या हाताखालची ताई उठली. मानवतची होती, आमच्याच भागातली. मला व्हरांड्यात घेऊन गेली, घरी करायच्या गोष्टींचा इंग्रजी कागद ओळीओळीनं आपल्या बोलीत सांगितला. म्हणाली, "ताई, भाषा बंद करायचं कुठंच लिहिलेलं न्हाई. लेकरू जे करतंय त्यात तुमी शिरा. तुमचंच बोलून शिरा."

मी वहीत लिहून घेतलं. ती सरकीची रांग लावती, तर आपण शेजारी बसून एक दाणा लावायचा. एक शब्द बोलायचा, थांबायचं. घाई करायची न्हाई. एवढ्या साध्या गोष्टी. एवढ्या साध्या गोष्टी इंग्रजीत कुलूप लावून ठेवल्या होत्या.

लोक इचारतात, पोरगी बरी झाली का? ऑटिझम म्हणजे ताप न्हाई उतरायला. वैष्णवी आता साडेचार वर्षांची हाय. सात-आठ शब्द बोलती. "आलं" म्हणती, "दे" म्हणती. अजूनबी काही दिवस डोकं आपटती. पण हात धरून नेती, काय पायजे ते दावती. आत्याला शोधत फिरती.

यंदा बंजाऱ्यांच्या तांड्यावरची सुमन माझ्याकडं आली. तिचीबी लेक तशीच. तिला दुसऱ्या सेंटरात कुणीतरी सांगितलं होतं, घरात तुमची गोरमाटी बोली बंद करा, मराठी बोला. जी मराठी माझ्या तोंडी गावंढळ ठरली, ती तिला इलाज म्हणून दिली होती.

मला हसू आलं. मग लय राग आला.

मी वही काढली. एक ओळ मी वाचायची, तिनं ती गोरमाटीत म्हणायची. दुपार गेली. तिची वही भरली. जाताना सुमन म्हणली, "ताई, त्यांनी परत तेच म्हणलं तर?"

मंगळवारी तिची तारीख हाय. मी जाणार तिच्यासंगं. खुर्ची दिली तर खुर्चीवर, न्हाईतर भुईवर बसणार. म्हणणार, सवाल गोरमाटीत इचारा, न्हाईतर इचारणारं माणूस आणा. आमच्या लेकरांच्या नावापुढं आमाला न कळता एकबी खूण आता होऊ देणार न्हाई.