तीन प्रती, एक डिस्क

मी मिसरोदच्या फ्लॅटवर पोचलो तेव्हा काकूंचे पेटीचे व्हिडिओ डिलीट करायला धोटे काका बसले होते.

कंप्यूटर दुरुस्ती हे माझं बावीस वर्षांचं काम. काकांनी आमच्या दुकानातून चार टीबीची डिस्क मागवली होती. एक टीबी म्हणजे साधारण हजार जीबी. काकू पेटी शिकवतात आणि प्रत्येक धड्याचा व्हिडिओ बाहेरगावच्या विद्यार्थिनींना पाठवतात. त्या सकाळी डिस्क भरली आणि नवा धडा सेव्ह होईना. एकीची परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती. नवी डिस्क बसेपर्यंत जागा हवी, म्हणून काका सुरुवातीची दोन वर्षं उडवणार होते.

"यांनी स्कॅन करून ठेवलेल्या पत्रांना हात लागत नाही," काकू मला म्हणाल्या. "संक्रांत माझ्या पेटीवर."

मी माउस मागून घेतला आणि कागदावर बेरीज मांडली. डिस्क पाचशे जीबीची. कंप्यूटर त्याच्या मोजणीनं ती ४६५ दाखवतो. विंडोज आणि प्रोग्राम ६६. उरलेल्या जागेत तीन फोल्डर होते: 'मूळ', 'कार्यालयीन प्रत', 'राखीव प्रत'. प्रत्येकी साधारण १३२. काका तुळशी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे तेव्हापासून रेकॉर्ड विभागात नोकरीला होते. घरातलं सगळं ते तीन प्रतींत ठेवत. डिलीटही तिन्हीकडून करणार होते, रजिस्टर जुळावं म्हणून.

"एक प्रत खराब झाली तर?" काकांनी विचारलं.

"तिन्ही प्रती एकाच कपाटात आहेत, काका. कपाटच गेलं तर?"

काकांनी तिन्ही फोल्डरांवर नजर फिरवली. मग म्हणाले, "आमच्या ऑफिसात एकदा वाळवीनं तिन्ही खाल्ल्या होत्या."

माझ्या बॅगेत पाचशे जीबीची छोटी, बाहेरून जोडायची डिस्कही होती. प्रोग्राम लावून तिन्ही फोल्डर ताडून पाहिले. राखीव प्रतीत दोन धडे असे निघाले, जे बाकी दोन्हींत नव्हते.

"बघा," काका म्हणाले. ते मला मान्य करावं लागलं.

ते धडे 'मूळ' फोल्डरमध्ये घातले. सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, उघडून खात्री केली, मगच जादा प्रती काढल्या. २६७ जीबी मोकळे झाले. सहा वर्षांत १३२, म्हणजे वर्षाला २२. अजून बारा वर्षं पुरेल. काकूंचा धडा संध्याकाळी गेला. छोटी डिस्क काकांनी विकत घेतली आणि ती त्यांच्या मुलीकडे शिवाजी नगरला गेली.

दुकानात मालकांनी विचारलं, "चार टीबी वापस क्यों लाए?"

"उनका सामान दो सौ जीबी का है," मी म्हणालो. डिस्क त्यांनी जरा जोरातच शेल्फवर ठेवली.

डिस्क घेण्याआधी बेरीज करावी, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवावी. एवढंच मी आता गिऱ्हाइकांना सांगतो.

परवा, वर्ष झाल्यावर, काकांचा मेसेज आला: 'यंदाची वाढ २१ जीबी. अंदाजापेक्षा एक कमी. नोंद घ्यावी.'