बोडिलची चेरीभिंत

बोडिल क्रोगने उभा जन्म दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू कशा वापराव्यात, हे लिहिण्यात घालवला. आधी शिलाई यंत्रं, मग दूध काढायची यंत्रं, मग कॉम्प्युटरचे प्रोग्राम. माहितीपुस्तिका कुणी वाचत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काही बिघडलं की लोक शिव्या देत हवी ती ओळ शोधतात आणि पुस्तिका पुन्हा खणात फेकतात. तरी ती मन लावून लिहायची, आणि उदाहरणं देताना तर तिचा हात सुटायचा. ओडेन्स शहराच्या कडेला तिने भाड्याने बागेचा तुकडा घेतला होता. तिथली चेरी, रुबार्ब, गूजबेरी हीच नावं तिच्या उदाहरणांतल्या सर्व्हरना आणि फायरवॉलना मिळायची.

आणि आता कंपनीचा मालक टोर्बेन म्हणत होता, की वसंतापासून पुस्तिका एआयच लिहील.

"तुला काढत नाहीये मी," तो म्हणाला. "तू प्रदर्शनांत आपला स्टॉल सांभाळ. तुझं हसणं छान आहे."

"हसणं माझ्या कुत्र्याचंही छान आहे. त्यालाच ठेव," बोडिल म्हणाली.

तिला ते फार लागलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी ही एआय. त्यात गंमत अशी, की तिच्या हातातली शेवटची पुस्तिका एआयनेच वाचायची होती. हल्ली संस्थांची नेटवर्कं बरीचशी आभासी असतात. जोडण्या, वाटा, फायरवॉल म्हणतात त्या संरक्षक भिंती सगळं कॉम्प्युटरच्या पोटात, हाताला काही लागत नाही. ते जाळं माणसाच्या वतीने काम करणाऱ्या एआय एजंटांना नुसतं दाखवायचं, पण एकही जोडणी हलवू द्यायची नाही, असं साधन येप्पे या प्रोग्रामरने बनवलं होतं. बोडिलने पहिल्याच पानावर लिहिलं, 'पाहावे. हात लावू नये.'

पहिली चाचणी एका बेटावरच्या पाणीपुरवठा संस्थेत झाली. तिथली प्रमुख इंगर, तिने एजंटला विचारलं, की पंपांचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं आहे ना? एजंट म्हणाला, "हो. मध्ये चेरी नावाची संरक्षक भिंत आहे." इंगरची माणसं ती भिंत शोधत बसली. साप साप म्हणून भुई धोपटणं नुसतं, कारण अशी भिंत तिथे नव्हतीच.

"एजंट कधीकधी स्वप्नं बघतात," येप्पे खांदे उडवत म्हणाला. टोर्बेनही एआय बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायला लागला.

बोडिलने ते उत्तर वाचलं आणि लगेच ओळखलं. चेरी तिची होती. पुस्तिका येप्पेनेही वाचली नव्हती, तेव्हा ती गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. बोलली असती तर टोर्बेनला वसंतासाठी आयतं कारण मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने खोबऱ्याचा केक आणून कॉफीच्या टेबलावर ठेवला. त्या ऑफिसात ज्याच्या हातून घोळ होईल त्याने केक आणायचा, आणि केक खाणाऱ्याने रागवायचं नाही, असा रिवाज होता.

"कोणाचा घोळ?" येप्पेने सुरी उचलत विचारलं.

"माझा. ती चेरी माझ्या उदाहरणातली आहे."

टोर्बेनने बशी खाली ठेवली. "म्हणजे एजंटने तुझं उदाहरण खरं मानलं?"

"का नाही मानणार? माणसाला कळतं, की हे आपलं सांगायचं म्हणून सांगितलंय. याला कोण सांगणार? आणि साधनाकडून काहीच उत्तर आलं नाही तर काय म्हणायचं, हेही मी लिहिलं नाही. रिकाम्या जागी माझी चेरी लावून मोकळा झाला बिचारा."

"आता इंगरला काय सांगू मी?"

"मी सांगितलं. सकाळीच फोन केला."

"अरे देवा! मग?"

"सगळं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली, नीट करून आणा."

टोर्बेनला मात्र एआयची अजून आशा होती. त्याने एआयकडून लिहून घेतलेली पुस्तिका तयारच होती. बोडिलच्या पुस्तिकेऐवजी ती लावून त्याने तोच प्रश्न एजंटला विचारला. त्या पुस्तिकेने बोडिलचाच नमुना गिरवला होता. एजंट ठामपणे म्हणाला, "मध्ये रुबार्ब नावाची भिंत आहे." येप्पेला हसता हसता ठसका लागला.

बोडिलने पुस्तिका मुळापासून लिहायला घेतली. फळं सगळी उपटून टाकली. प्रत्येक आज्ञेखाली तिने लिहिलं, की हिने काय दिसतं आणि काय दिसत नाही. 'रिकामे उत्तर म्हणजे होकार नव्हे आणि नकारही नव्हे. मला दिसत नाही, असे सांगावे. माणसाला विचारावे.' एकही ओळ न गाळता वाचणारा वाचक तिला जन्मात पहिल्यांदा मिळाला होता. त्याच्यासाठी लिहिताना ती दमायची, चिडायची, आणि तिला फार आनंदही व्हायचा.

इंगर स्वतः ओडेन्सला आली. कोटही न काढता तिने एजंटला तोच प्रश्न विचारला.

"पंपांचा भाग पाहायची परवानगी मला नाही," एजंट म्हणाला. "तिथे भिंत आहे की नाही, हे मला दिसत नाही. तुमच्या तंत्रज्ञांना विचारा."

येप्पेने डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, गेलं काम.

इंगर मात्र खूश झाली. "बरोबर आहे त्याचं. ती परवानगी मीच दिलेली नाही. घेते मी हे. पुढे पुस्तिका कोण सांभाळणार?"

"वसंतापासून एआय..." टोर्बेनने सुरुवात केली.

"आणि चुकलं तर?" इंगर बोडिलकडे बोट दाखवत म्हणाली. "आपण होऊन मला कळवेल ते? हिने कळवलं. कुणी विचारलंही नव्हतं."

टोर्बेन बोडिलकडे वळला. "वसंतात तू हेच काम करशील ना?"

"विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय."

"मग करीन," बोडिल म्हणाली, आणि इंगरचा कोट घ्यायला पुढे झाली.