बी बाजूचं शेवटचं गाणं

ओल्या शाडूचा, सरसाचा आणि नुकत्याच दिलेल्या रंगाचा वास कोंडलेली पेणची ती लांबट पडवी, फळ्यांवर ओळीने बसलेले, अजून डोळे नसलेले गणपती, आणि त्यांच्यासमोर पाटावर मांडी घालून, हातात बारीक कुंचला धरून, टेपरेकॉर्डरकडे कान लावून थांबलेली माझी आत्या... श्रावण म्हटला की मला आधी हेच दिसतं.

आमच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी आत्याकडे असायची. मूर्ती कुणीही रंगवो, डोळे तिचेच. आणि ते ती एकाच गाण्यावर काढायची. सिनेमातलं नव्हे, भजन तर नव्हेच; एका पॉप गायिकेच्या पहिल्यावहिल्या एकटीच्या अल्बममधलं, बी बाजूचं शेवटचं. ही बाई तोवर एका जोडीत गायची, आणि त्या जोडीच्या ठेक्यावर आमच्याकडच्या वराती बेभान नाचायच्या. मग ती वेगळी झाली आणि तिने असा संथ, एकाकी अल्बम काढला की लोकांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आत्याने मात्र तो जिवापाड जपला, कारण त्या गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि ती एकटीच एक स्वर धरते — इतका लांब, इतका निष्कंप, की ऐकणाऱ्याचीच छाती भरून यावी. स्वर लागला की आत्याचा श्वास थांबायचा आणि कुंचला टेकायचा. पापणीची रेघ आतल्या कोपऱ्यातून निघून बाहेर निमुळती होत जायची, आणि स्वर विरेपर्यंत रेघही विरलेली असायची. एका स्वरात एक डोळा. मग मी टेप मागे घ्यायची, दुसऱ्या डोळ्यासाठी. माती आपल्याकडे बघू लागते तो क्षण मी कितीतरी वेळा पाहिला, तरी दर वेळी अंगावर काटा यायचा.

मागे घेऊन घेऊन त्या टेपचं व्हायचं तेच झालं. गणपती अगदी तोंडावर आलेले, आणि यंत्राने टेप गिळली, पार चोळामोळा करून. आत्याने गाण्याशिवाय एक डोळा काढून पाहिला, पुसला; पुन्हा काढला, पुन्हा पुसला.

बाबा वैतागले. "गाण्यावाचून काय अडलंय गो? गिऱ्हाईक दारात येऊन उभं ऱ्हाईल."

"हात ठरत नाय रे दादा," ती एवढंच म्हणाली आणि कुंचला धुऊन ठेवला. मूर्ती बाकी असताना तिने कुंचला धुतलेला मी कधी पाहिला नव्हता. मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन एसटीने रोह्याला गेले. तिथे अष्टमी गावाकडे जाणाऱ्या पुलाजवळ माझ्या मामाचं कॅसेटचं दुकान होतं. कुंडलिका नदी तुडुंब भरलेली, वाऱ्यावर रसायनांच्या कंपनीचा उग्र वास... गायिकेचं नाव ऐकताच मामाने हातच जोडले.

"ती व्हय? कुत्रं विचारत नव्हतं गो तिला. पडून ऱ्हायल्या कॅसेटी, मग सगळ्यांवर आरत्या भरल्या. ने यातली एक, गणपतीला लागंल."

त्या काळी हे सर्रास चालायचं. न खपलेल्या कॅसेटच्या कडेची खाच कागदाने बुजवली की तिच्यावर दुसरं काहीही भरता येई. परतताना, नागोठणं मागे पडलं तरी, मी मनातल्या मनात मामाशी भांडतच होते.

आत्याने ती आरत्यांची कॅसेट उलटीपालटी केली आणि बी बाजू लावली. झांजा, टाळ्या, घोगरे आवाज — बाजू संपायच्या आधीच आरत्या संपल्या. नुसती खरखर उरली. मी बंद करायला उठले.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली.

आणि त्या खरखरीनंतर, एका ओळीच्या मधूनच, ती गायिका गाऊ लागली. मामाच्या आरत्या आखूड पडल्या होत्या; शेवटच्या गाण्याचा शेवट शाबूत होता. आत्या लगबगीने मोठ्या मूर्तीपुढे बसली. "आता डोळ्याडोळ्याला मागं घेऊ नको हां. ही पण तुटंल," ती म्हणाली, आणि वाद्यं थांबली. त्या एका स्वरात आत्याने दोन्ही डोळे काढले. दोन्ही. मी तिच्या हाताकडे बघत होते, श्वास घ्यायचं भान मला नव्हतं, आणि दारात उभ्या बाबांच्या हातातला चहा तसाच निवत होता.

"बाप्पा बघतोय गो," बाबा हळूच म्हणाले.

त्या मोसमातले उरलेले सगळे गणपती तिने तसेच आखले, एका स्वरात दोन्ही डोळे; टेप मूर्तीमागे एकदाच मागे जायची.

परवा तो अल्बम मला फोनवर सापडला. आता जाणकार त्याला वाखाणतात, काळाच्या पुढचा म्हणतात. अहो, पुढचा कसला, आमच्या पडवीत तो अगदी वेळेवर पोचला होता. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. तिने आखलेला एखादा डोळा कुठे उरला असेल का, असं मनात आलं आणि मग माझं मलाच हसू आलं... उरेल कसा? कुणी दीड दिवसाने, कुणी पाचव्या दिवशी, कुणी अनंत चतुर्दशीला — सगळे पाण्यात उतरले. हातोहात गेलेले डोळे विरघळले, आणि कुणी न घेतलेलं गाणं राहिलं.

ते शेवटचं गाणं लागलं. वाद्यं थांबली, तिने स्वर धरला, माझाही श्वास आपोआप थांबला, आणि तो स्वर होता तोवर आत्या माझ्यासमोर पाटावर बसलेली होती. मग तो विरला.

मी गाणं मागे घेतलं... दुसऱ्या डोळ्यासाठी.