थप्पीतलं बी

नांदूरघाटाच्या अलीकडे आमची वस्ती आहे. तिथे सरस्वतीबाईंना सगळे मास्तरीण म्हणतात. शाळा चौथीपर्यंतच, पण बचतगटाच्या प्रशिक्षणात जे ऐकलं ते त्यांनी तीन वर्षं घरोघर घोकून घेतलं. पाऊस लहरी झालाय, एक पेरणी बुडाली तर दुसरीपुरतं सोयाबीन घरात राखा. पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. सत्तर उगवले तर पेरा, साठाच्या खाली गेले तर पोत्याला हात लावू नका. मी आधी हसलो, मग मुकाट्याने गोणपाट भिजवलं.

दिवाळीनंतर अकरा घरं ऊसतोडीला निघाली. बी उंदीर-घुशींच्या हवाली कोण करणार? सगळ्यांनी पोती बाईंच्या मधल्या खोलीत आणून टाकली. थप्पी पार पत्र्याला टेकली. सोयाबीनचं साल नाजूक, दाबलं की बी मरतं, पाच पोत्यांवर सहावं नको, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. पण दारात आलेल्याला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. असल्या भिडेचा मला मनस्वी राग येतो. मार्चमध्ये त्या खोलीत पाऊल टाकलं की पोत्यांची ऊब अंगावर यायची.

लोक परतले, आपापली पोती घेऊन गेले. जूनमध्ये बाईंनी त्याच थप्पीतलं आपलं बी तपासलं. शंभरात एकतीस उगवले. त्यांचा विश्वास बसेना. लाजही वाटली असणार. कुणाला न सांगता त्यांनी पुन्हा गोणपाट भिजवलं आणि सहा दिवस वाट पाहिली. या खेपेला अठ्ठावीस. त्या सहा दिवसांतच पाऊस पडला.

सातव्या दिवशी सकाळी त्या धापा टाकत, ऊसतोडीहून परतलेल्या धुळाजीच्या शेतावर आल्या. मी शेजारच्या बांधावर होतो. धुळाजी तिफण सोडून बैलांना पाणी पाजत होता. पेरणी उरकली होती.

"धुळाजी, शंभर दाणे लावून बघितलेस का रे?"

"न्हाई बा. तुमच्या घरातलं बी ते. मंग तपासायचं कावून?"

बाईंनी पेरलेल्या तासांकडे बघितलं. "आन् न्हाई उगवलं तर?"

धुळाजी हसला. "लई काळजी करता, बाई. तुमीच सांगितलंतं की, दुसऱ्या पेरणीचं राखून ठेवा. दोन पोती ठेवलीत की. तीबी तुमच्याच खोलीतली हायती."